शॉर्ट लिंकवर क्लिक भरपूर आणि फॉर्म भरणारे मोजके, हे आकडे खरे धरायचे का?

झुळूक

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा बाळबोध आहे, आधी कोणी विचारला असेल तर त्या धाग्याची लिंक द्या (शॉर्ट केलेली नको, कारण पुढे कळेलच).

आम्ही काही जणी मिळून ऑनलाइन लेखन कार्यशाळा घेतो. छोटी वर्डप्रेसची साईट आहे, तिथे माहितीचं पान आणि नोंदणीसाठी गूगल फॉर्म. जाहिरात म्हणजे काय तर व्हॉट्सॲप ग्रुप, टेलिग्राम चॅनल, फेसबुक आणि जुन्या सभासदांना ईमेल. आता आमच्यातल्या प्रत्येकीला वाटतं की माणसं तिच्याच ग्रुपमधून येतात, त्यावरून दर वेळी वाद, म्हणून म्हटलं एकदाचं मोजूनच टाकू. एका फुकट शॉर्टनरवर (लांब लिंक आखूड करून देणारी आणि क्लिक मोजणारी सेवा) खातं काढलं, चार ठिकाणांसाठी चार वेगवेगळ्या लिंका केल्या, चारही त्याच फॉर्मवर जाणाऱ्या.

तर ईमेलवाल्या लिंकवर सगळ्यात जास्त क्लिक, तेही मेल गेल्यावर पहिल्या मिनिटाभरात! आमचे सभासद इतक्या तत्परतेने मेल उघडणारे असते तर रडणं कशाला होतं. टेलिग्रामवर पोस्ट टाकली आणि व्ह्यूजचा आकडा हललेला नसताना क्लिक पडलेले. एकूण क्लिक तीनशेच्या वर गेलेत आणि फॉर्म भरलेले चाळीससुद्धा नाहीत. मग बाकीचे फॉर्म बघून पळाले असं समजायचं, का हा आकडाच फुगवलेला आहे? आणि दुसरं म्हणजे ही फुकट सेवा उद्या बंद पडली तर आमच्या जुन्या पोस्टमधल्या लिंकांचं काय होणार? एका मैत्रिणीचं तर म्हणणं आहे की असली आखूड लिंक बघितली की ती उघडतच नाही.

रात्रपाळी

ईमेलचं कोडं आधी सोडवू, ते सगळ्यात सोपंय. ऑफिस, कॉलेज वगैरेंच्या मेल सर्व्हरवर सिक्युरिटी स्कॅनर बसवलेला असतो, मेल इनबॉक्समध्ये पडायच्या आधी किंवा पडल्यापडल्या तो आतल्या लिंका स्वतःच उघडून बघतो की पलीकडे काही फिशिंग-बिशिंग (फसवं पान) आहे का. शॉर्टनरला काय, कोणीतरी लिंक मागितली, त्याने एक आकडा वाढवला. पहिल्या मिनिटातला गठ्ठा बहुतेक ह्याचाच. ओळखायची खूण सांगतो, मेलमध्ये तीनचार लिंका असतील तर एकाच सेकंदाला सगळ्यांवर क्लिक पडलेले दिसतात, अगदी तळाच्या अनसबस्क्राइबवर पण. माणूस असं करत नाही.

टेलिग्रामचा क्लिक म्हणजे प्रिव्ह्यू. पोस्टखाली ते चित्र आणि शीर्षक आपोआप येतं ना, ते आणायला कोणीतरी त्या पानावर जाऊन यावं लागतं. टेलिग्राम, फेसबुक, स्लॅक ह्यांचे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) त्यांच्या सर्व्हरवरून जाऊन येतात. व्हॉट्सॲपचा प्रकार थोडा निराळा, तिथे प्रिव्ह्यू पाठवणाऱ्याच्याच फोनवर तयार होतो, म्हणजे तुम्ही नुसती लिंक टाइप करून पाठवायच्या आधीच तुमच्या फोनने ती एकदा उघडलेली असते. चांगले शॉर्टनर ओळखीचे बॉट गाळतात, कारण हे बॉट स्वतःचं नाव सांगूनच येतात (युजर एजंट नावाचा हेडर असतो), पण मेल स्कॅनर मुद्दाम साध्या ब्राउझरसारखं सोंग घेतात. तसं नाही केलं तर फिशिंगवाले त्यांना ओळखून साळसूद पान दाखवतील. त्यामुळे ते गाळणं अवघड.

आता उलटी गंमत. काही खरे क्लिक मोजलेच जात नाहीत. शॉर्ट लिंक उघडली की सर्व्हर एवढंच उत्तर देतो की बाबा पत्ता इथे नाही तिथे आहे, आणि त्या उत्तराला एक कोड असतो, ३०१ म्हणजे कायमचं हललंय, ३०२ म्हणजे तात्पुरतं. ३०१ आला की ब्राउझर ते उत्तर लक्षात ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी शॉर्टनरला न विचारता थेट फॉर्मवर जातो. त्याच माणसाने दुपारी बघून रात्री परत येऊन फॉर्म भरला तर दुसरा क्लिक गुल. आणि तुम्ही मधे त्या लिंकचा पत्ता बदललात तरी त्याचा ब्राउझर जुन्याच पत्त्यावर जाईल. म्हणून मोजायचं असेल किंवा पत्ता बदलायची शक्यता असेल तर ३०२ बरा, नाहीतर ३०१ सोबत 'हे उत्तर फार वेळ साठवून ठेवू नको' असा हेडर तरी हवा. तुमची सेवा कुठला देते ते ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कच्या टॅबमध्ये पहिल्याच ओळीत दिसतं.

थोडक्यात तीनशेतले किती खरे हे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण चार लिंका एकमेकींशी ताडायला सुद्धा हा आकडा वापरू नका, कारण ईमेलला स्कॅनर आहेत आणि व्हॉट्सॲपला नाहीत, म्हणजे फुगवटा सगळीकडे सारखा नाही. भांडणं मिटायच्या ऐवजी वाढतील.

आखूडशिंगी

मला मुळात हे विचारायचंय की लिंक आखूड करायचीच कशाला? (माझ्या आयडीवरून विनोद करू नयेत.)

हे शॉर्टनर निघाले तेव्हा कारण होतं. टायनीयुआरएल २००२ चं आहे, तेव्हा न्यूजग्रुप आणि ईमेलमध्ये लांब लिंक ओळ संपली की मधेच तुटायची आणि अर्धीच क्लिक व्हायची. मग ट्विटर (आताचं एक्स) आलं, १४० अक्षरांत सगळं बसवायचं, त्यात लिंकनेच निम्मी जागा खाल्ली तर बोलायचं काय, तेव्हा बिटली वगैरे शॉर्टनर फोफावले. पण ट्विटरने पुढे स्वतःचाच शॉर्टनर लावला, आता तिथे लिंक केवढीही असो २३ अक्षरंच धरतात. म्हणजे तिथे आधी बिटली करून टाकण्याने अक्षरं वाचत नाहीत, नुसता एक थांबा वाढतो. व्हॉट्सॲप, ईमेल, फेसबुकला तर लांबीचा प्रश्नच नाही. खरी मारामारी उरली फक्त एसएमएसला, त्यातही आपल्याला जास्त, कारण रोमन लिपीतला एसएमएस १६० अक्षरांचा असतो आणि त्यात एकही देवनागरी अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते.

आता तुमची साईट मराठी आहे म्हणजे पानाचा पत्ताही देवनागरीत असणार, आणि तो कॉपी केला की ते टक्क्यांच्या चिन्हांचं (%) भुताचं लांबलचक शेपूट येत असणार, बरोबर? देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइटचं, आणि लिंकमध्ये एकेक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहितात, म्हणजे एका चिन्हाला ९. काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. 'कार्यशाळा' हा शब्द बघा, उच्चारायला चार अक्षरं, चिन्हं मोजली तर ९, आणि लिंकमध्ये ८१! असे पाचसहा शब्द शीर्षकात असले की झालं.

ह्यावर शॉर्टनर हा उपाय नाहीच. वर्डप्रेसमध्ये पान प्रकाशित करताना परमालिंकच्या (पानाच्या पत्त्याच्या) जागी रोमनमध्ये दोन शब्द टाका, संपलं. आणि जुन्या लेखांसाठी वर्डप्रेसची स्वतःची आखूड लिंक असतेच, साईटचा पत्ता, मग प्रश्नचिन्ह, पी, बरोबरचं चिन्ह आणि त्या लेखाचा आकडा. ती टाकली की वर्डप्रेस आपोआप पूर्ण पत्त्यावर नेतो. नाव तुमच्याच साईटचं दिसतं त्यामुळे तुमची मैत्रीण पण घाबरणार नाही. मैत्रिणीचं बरोबर आहे हो, कुठे नेणार हे झाकलेली लिंक मी पण उघडत नाही.

सहज_म्हणून

आखूडशिंगी, लांबीचं ठीक आहे पण ताई मोजण्याबद्दल विचारतायत ना, लांबीबद्दल नाही 😄

@झुळूक, मी रोज हेच काम करते म्हणून सांगते, तुम्ही मोजताय ती जागाच चुकीची आहे. तुम्हाला क्लिकशी काय घेणंदेणं, तुम्हाला नोंदणी कुठून झाली ते हवंय. मग ते नोंदणीतच लिहून येऊ द्या. गूगल फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवा, 'ही माहिती कुठे मिळाली', पर्याय चार. मग फॉर्म एडिट करताना वर तीन टिंबांचा मेनू असतो, त्यात आधीच उत्तर भरलेली लिंक मिळवायचा पर्याय आहे (प्री-फिल्ड लिंक). तो दाबला की फॉर्म उघडतो, त्यात फक्त ह्या एका प्रश्नाचं उत्तर 'टेलिग्राम' निवडायचं, बाकी सगळं रिकामं ठेवायचं आणि खालून लिंक घ्यायची. ती लिंक टेलिग्रामवर. परत तेच करून 'ईमेल', ती ईमेलवर. जो माणूस ज्या लिंकवरून येईल त्याच्या फॉर्ममध्ये ते उत्तर आपोआप निवडलेलं असेल. शीटमध्ये रकाना तयार, फिल्टर लावला की कुठून किती ते समोर. स्कॅनर आणि बॉट फॉर्म भरून सबमिट करत नाहीत त्यामुळे फुगवटा शून्य.

दोन तोटे आहेत ते पण सांगते. एक, गूगल फॉर्मला लपवलेला प्रश्न नसतो, म्हणजे भरणाऱ्याला ते उत्तर दिसतं आणि तो बदलू शकतो, पण बदलून करायचंय काय कोणाला, आणि तो प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवला की लोक बघत पण नाहीत. दोन, कोणी व्हॉट्सॲपची लिंक उचलून स्वतःच्या फेसबुकवर टाकली तर ती व्हॉट्सॲपच्याच नावावर पडणार. पण हे शॉर्ट लिंकला पण होतंच.

ही लिंक मात्र खरंच लांब आणि भयानक दिसते, त्यात फॉर्मचा भलामोठा आयडी, मग प्रश्नाचा नंबर, मग मराठी उत्तर टक्क्यांमध्ये. गूगल फॉर्मच्या पाठवायच्या खिडकीत लिंक छोटी करायचा चौकोन असतो पण तिथे साध्या फॉर्मची छोटी लिंक मिळते, तुमच्या ह्या भरलेल्या उत्तराची नाही. इथे शॉर्टनर लावा, खुशाल लावा, क्लिकच्या आकड्याकडे मग फक्त गंमत म्हणून बघा.

झुळूक

सहज_म्हणून, हे भन्नाट आहे, आजच करते. आणि रात्रपाळी, तुमचं वाचून ईमेलवाल्या मैत्रिणीचा विजयोत्सव थांबवलाय 🙈

एक शंका. मला एकाने सांगितलं होतं की लिंकच्या शेवटी यूटीएम लावायचं म्हणजे सगळं आपोआप कळतं, ते ह्यापेक्षा सोपं आहे का? मी फॉर्मच्या लिंकला लावून पण बघितलं, पण कुठे काय दिसायला पाहिजे तेच समजलं नाही.

सहज_म्हणून

कुठेच दिसणार नाही, म्हणूनच दिसलं नाही! यूटीएम म्हणजे लिंकला चिकटवलेली चिठ्ठी फक्त, ती वाचणारा कोणीतरी पलीकडच्या पानावर बसलेला लागतो, म्हणजे गूगल ॲनालिटिक्स किंवा तसंच काही. गूगल फॉर्मवर तुमचं ॲनालिटिक्स नसतं, त्यामुळे फॉर्मच्या लिंकला यूटीएम लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. (नावातला यू म्हणजे अर्चिन, ती ॲनालिटिक्स बनवणारी कंपनी होती, २००५ मध्ये गूगलने घेतली, नाव तेवढं चिकटून राहिलं.)

पण तुमच्या साईटवरच्या माहितीच्या पानाला जरूर लावा, तिथे ॲनालिटिक्स बसवलेलं असेल तर. फायदा सांगते. व्हॉट्सॲपसारख्या ॲपमधून आलेला माणूस कुठून आला हे ब्राउझर बहुतेक वेळा सांगतच नाही, ॲनालिटिक्समध्ये तो 'डायरेक्ट' म्हणून पडतो, जणू त्याने पत्ता स्वतः टाइप केला. यूटीएम असेल तर त्यावरून कळतं. सोर्स, मीडियम आणि कॅम्पेन एवढे तीन भरले तरी पुरे, टर्म आणि कंटेंट तुम्हाला लागणार नाहीत.

लावताना कुठे माती खातात लोक ते बघा. कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं धरलं जातं, एकीने टेलिग्रामचा पहिला टी कॅपिटल लिहिला आणि दुसरीने स्मॉल तर अहवालात दोन वेगळ्या ओळी. लिंकमध्ये प्रश्नचिन्ह एकदाच येतं, आधीच असेल तर पुढचं सगळं & ने जोडायचं. आणि लिंकमध्ये # असेल तर यूटीएम त्याच्या आधी यायला हवं, नंतर टाकलं तर ते वाचलं जात नाही. शिवाय स्वतःच्याच साईटच्या आतल्या एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या लिंकांना यूटीएम लावू नका, बाहेरून कुठून आला त्याचा पार गोंधळ होतो. तुमच्यात एक शेअर केलेली शीट ठेवा, कुठल्या ठिकाणाला काय नाव ते एकदा ठरवून, आणि कोणीही मनाने नवीन नाव पाडायचं नाही.

पानगळ

सेवा बंद पडली तर काय, ह्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही अजून. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गूगलसारख्या कंपनीचा गू डॉट जीएल नावाचा शॉर्टनर होता, लोक म्हणायचे हा कशाला बंद होईल. २०१८ मध्ये जाहीर केलं की गुंडाळतोय, मार्च २०१९ नंतर नवीन लिंका करणं पूर्ण बंद, तेव्हा म्हणाले की जुन्या चालतील. मग जुलै २०२४ मध्ये म्हणाले जुन्या पण २५ ऑगस्ट २०२५ पासून बंद. त्यावर बराच आरडाओरडा झाला, आणि तारीख तोंडावर आल्यावर परत जाहीर केलं की २०२४ च्या शेवटी ज्यांच्यावर काहीच हालचाल नव्हती त्याच बंद करतो, बाकीच्या ठेवतो. म्हणजे छापील पुस्तकात, प्रबंधाच्या तळटिपेत कोणी ती लिंक दिली असेल आणि त्या काळात ती कोणी उघडली नसेल, तर गेली. फायरबेसच्या (गूगलची ॲप बनवणाऱ्यांसाठीची सेवा) डायनॅमिक लिंका पण त्याच दिवशी बंद झाल्या, त्या तर कितीतरी ॲपमध्ये वापरलेल्या होत्या.

त्याआधीचं उदाहरण २००९ चं, ट्रिम नावाचा शॉर्टनर होता, त्याने एक दिवस सांगितलं बंद करतोय, मग ओरड झाल्यावर निर्णय फिरवला, पण लोकांच्या पोटात गोळा आला तो आलाच. त्याच वर्षी इंटरनेट आर्काइव्हने ३०१वर्क्स नावाचा उपक्रम हाती घेतला, शॉर्टनर कंपन्यांनी आपली यादी तिथे जमा करावी म्हणजे कंपनी बुडली तरी कुठली लिंक कुठे जात होती ते राहील.

आणि नावाच्या शेवटचे ते गोंडस दोन अक्षरी कोड, ते देशांचे असतात. एलवाय म्हणजे लिबिया. २०१० मध्ये व्हीबी डॉट एलवाय नावाच्या शॉर्टनरचं डोमेन (साईटचं नाव) तिथल्या रजिस्ट्रीने, म्हणजे ती नावं वाटणाऱ्या संस्थेने, काढून घेतलं, त्यांच्या कायद्यात बसत नाही म्हणून. सेवा चालवणारे भलत्याच देशात, लिंक वापरणारे तिसऱ्याच देशात, आणि चावी लिबियात.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, जे दोन दिवस चालायचंय (आजच्या सत्राची लिंक वगैरे) त्याला कुठलाही फुकट शॉर्टनर चालेल. जे वर्षानुवर्षं राहणार, म्हणजे साईटवरचे लेख, छापलेलं काहीही, पुस्तकातले संदर्भ, तिथे पूर्ण लिंक द्या किंवा स्वतःच्या डोमेनवरची आखूड लिंक द्या. विकिपीडियाच्या लेखाची आखूड लिंक हवी असेल तर त्यांचा स्वतःचा शॉर्टनर आहे, लेखाच्या बाजूच्या साधनांमध्येच सापडतो, आणि तो फक्त विकिमीडियाच्याच पानांच्या लिंका करतो त्यामुळे फसवणुकीची भीती पण नाही.

आखूडशिंगी

पानगळ यांना +१, फक्त स्वतःचं डोमेन म्हणजे अमरपट्टा असं वाटून घेऊ नका. नूतनीकरण विसरलं की ते डोमेन सुटतं आणि ते पकडायला लोक टपलेलेच असतात, कारण त्यावर जुन्या लिंकांची आयती गर्दी येत असते. मग तुमच्या लेखन कार्यशाळेच्या जुन्या लिंका ऑनलाइन जुगाराच्या पानावर जायला लागतात. फुकट सेवा मेली तर बहुतेक वेळा निदान नुसता एरर येतो. डोमेन कुणा एकीच्या वैयक्तिक ईमेलवर न घेता संस्थेच्या ईमेलवर घ्या आणि ऑटो रिन्यू चालू ठेवा.

रात्रपाळी

स्वतःच्या डोमेनवर करणं फार अवघड नाहीये. वर्डप्रेस आहे म्हणजे रिडायरेक्टचं (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर नेणारं) प्लगिन टाकून साईटच्या नावापुढे तिरकी रेघ आणि एक शब्द अशी लिंक पाच मिनिटात होते. बहुतेक प्लगिन क्लिक पण मोजतात, ३०१ का ३०२ ते पण निवडू देतात. मोठं काही हवं असेल तर स्वतःचा शॉर्टनर चालवायला योअर्ल्स (YOURLS) आहे, पीएचपीमध्ये, मुक्त स्रोत, साध्या होस्टिंगवर चालतं. फक्त त्याचं लिंक करायचं पान सगळ्यांसाठी खुलं ठेवू नका. उघडा शॉर्टनर स्पॅमवाल्यांना लगेच सापडतो, ते त्यातून स्वतःच्या लिंका काढतात आणि मग तुमचं डोमेन ब्लॉकलिस्टमध्ये जातं, त्यानंतर तुमचे साधे मेल सुद्धा स्पॅममध्ये पडतात.

तसंही ईमेलमध्ये सार्वजनिक शॉर्टनरची लिंक टाळलेलीच बरी. ती सेवा हजार लोक वापरतात, त्यातले काही बदमाश, आणि स्पॅम फिल्टर तुम्हाला त्यांच्याच पंक्तीला बसवतो.

कुलूपकिल्ली

मैत्रिणीसाठी. आखूड लिंक न उघडता ती कुठे जाते ते बघता येतं. बिटलीच्या लिंकच्या शेवटी + लावून उघडली की मूळ पत्ता दाखवणारं पान येतं, इझ डॉट जीडी (is.gd) ह्या शॉर्टनरला शेवटी वजाचं चिन्ह लावायचं. बाकीच्यांसाठी लिंक उलगडून दाखवणाऱ्या साईट आहेत.

आणि एक गोष्ट कार्यशाळावाल्यांसाठी, कारण ही हमखास होते. सहभागींची यादी, त्यांचे फोन नंबर, लिहून पाठवलेले लेख, असं काही ड्राइव्हवर 'लिंक असलेला कोणीही बघू शकेल' अशा सेटिंगवर ठेवून त्याची आखूड लिंक करू नका. मूळ लिंक सुरक्षित असते कारण ती लांब आणि अंदाज न करता येणारी असते. आखूड केली की तो लांबीचा आडोसाच गेला. इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि आकडे मिळून ६२ चिन्हं, ५ जागा असतील तर जोड्या होतात सुमारे ९१ कोटी, ६ असतील तर सुमारे ५६८० कोटी. ऐकायला मोठे आकडे, पण मशीनने एकेक करून उघडून बघायला अशक्य नाहीत. जॉर्जिएव्ह आणि कॉर्नेल टेकचे श्मातिकोव्ह ह्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच करून दाखवलं, नुसत्या अंदाजाने लिंका उघडत गेले तर लोकांच्या वनड्राइव्हवरच्या फायली मिळाल्या, काही तर बाहेरच्या माणसाला बदल करता येतील अशा. नकाशावरचे रस्ते पण मिळाले, कुठून निघून कुठल्या दवाखान्यात जायचं असले. त्यांनी हे आधी कळवल्यावर गूगलने २०१५ मध्येच नकाशाच्या आखूड लिंकांमधला कोड ११-१२ अक्षरांचा केला होता.

जाता जाता, प्रत्येक क्लिकसोबत शॉर्टनर कंपनीला उघडणाऱ्याचा आयपी (इंटरनेटवरचा त्याचा पत्ता), फोनचा प्रकार, वेळ हे मिळतं. तुम्हाला डॅशबोर्डवर जे शहर-बिहर दाखवतात ते त्या आयपीवरून काढलेला अंदाज असतो, मोबाइल नेटवर्कला तो सर्रास भलतंच शहर दाखवतो. त्यावरून आमच्या कार्यशाळेला अमुक शहरातून प्रतिसाद आहे असं पोस्टमध्ये लिहू नका म्हणजे झालं.

झुळूक

बाप रे, यादीची लिंक खरंच तशीच ठेवायचा विचार चालला होता आमचा. तो रद्द.

सगळं टिपून घेतलंय. शेवटचा प्रश्न, आमच्या वार्षिक अंकात मागच्या पानावर क्यूआर कोड छापायचाय. एका साईटवर 'डायनॅमिक क्यूआर' म्हणून देतायत, ट्रॅकिंग पण आहे म्हणे, आणि थोडे दिवस फुकट. घ्यावा का?

रात्रपाळी

नका घेऊ. डायनॅमिक क्यूआर म्हणजे वेगळं काही नसतं, आत त्यांच्याच शॉर्टनरची लिंक कोंबलेली असते. फुकटची मुदत संपली की तीच लिंक पैसे भरा म्हणून सांगणाऱ्या पानावर जायला लागते, आणि तुमचा अंक तोपर्यंत वाटून झालेला. छापलेला कोड मागे घेता येत नाही.

त्याऐवजी तुमच्या साईटवर वर सांगितलं तसं प्लगिनने एक आखूड पत्ता करा, ३०२ ठेवा, आणि त्या पत्त्याचा साधा स्टॅटिक क्यूआर (ज्यात तुमचाच पत्ता थेट असतो) बनवा, तो कुठेही फुकट बनतो आणि त्याला मुदत नसते. पुढच्या वर्षी फॉर्म बदलला की प्लगिनमध्ये पत्ता बदलायचा, छापलेला कोड तोच चालू राहतो. मोजणी पण तुमच्याकडेच. प्री-फिल्ड लिंक थेट क्यूआरमध्ये भरू नका, लिंक जितकी लांब तितकी जाळी बारीक होते, मध्यम दर्जाच्या एरर करेक्शनला (कोड थोडा खराब झाला तरी वाचता यावा म्हणूनची सोय) २५ अक्षरांची लिंक २५ बाय २५ च्या चौकटीत बसते, २०० अक्षरांची झाली की ५७ बाय ५७ लागते, आणि अंकात कोपऱ्यात एवढासा छापल्यावर ती जुन्या फोनच्या कॅमेऱ्याला वाचताच येत नाही.

कोडच्या खाली तोच पत्ता अक्षरांत पण छापा, कोणाला हाताने टाइप करायचा असतो. त्यात शून्य आणि ओ, एक आणि स्मॉल एल असले जुळे टाळा. आणि छपाईला देण्याआधी प्रूफच्या कागदावरून दोनतीन वेगवेगळ्या फोनने स्कॅन करून बघा, स्क्रीनवरून बघितलेलं धरू नका.